वाळ्याचा चौक

गोधडीच्या कापडावर इस्त्री फिरवायची नसते, ठेवायची असते. माझ्या घरात सून म्हणून आलेल्या दोघींनाही मी हे पहिल्याच वर्षी शिकवले. शिवणीवर इस्त्री टेकवावी, क्षणभर थांबावे, सरळ वर उचलावी आणि पुढच्या शिवणीवर न्यावी. शर्टावर फिरवतात तशी ती पुढेमागे ढकलली, तर उरेब तुकडे ओढले जातात. उरेब म्हणजे तिरके कापलेले कापड. उभ्या धाग्याला आणि आडव्या धाग्याला आपापली शिस्त असते. तिरक्या कापाला ती नसते. ते ओढाल तिकडे जाते, आणि त्यात पाण्याचा अंश मिळाला, तर गेलेले परत येत नाही. निदान सहजासहजी येत नाही.

माझे यजमान लालबागच्या एका गिरणीत फोल्डिंग खात्यात मुकादम होते. तिथली खोली सोडून आम्ही मुलुंडला राहायला आलो ते त्यांच्या हयातीत, संपाच्या आधी. कापडाविषयी मला जे कळते, त्यातले निम्मे त्यांचे आहे. ते म्हणत, सुके कापड गप्प असते. पाणी दाखवले की ते बोलू लागते. त्यांच्या म्हणण्याचा रोख कापड आटण्यापुरता होता. गिरणीने थान किती ताणून घडी घातली होती, हे पहिल्या धुण्यालाच उघडकीला येते. मी मात्र त्या वाक्याचा अनुभव निराळ्या प्रकारे घेतला, १९८६ साली, माझी धाकटी सून जया हिच्या गोधडीच्या वेळी.

जया माझ्या अनंताची पत्नी. अनंत काविळीने गेला, त्याला तेव्हा चार वर्षे होत आली होती. मूलबाळ नव्हते. जया टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ड्युटी करावी, घरी यावे, आपल्या वाटणीचे काम करावे आणि खिडकीशी बसावे, असा तिचा क्रम झाला होता. मी तिच्यासाठी दोन स्थळे आणली. दोन्ही तिने नाकारली. तिसरे विद्याधरांचे. ते पवईच्या संस्थेच्या वर्कशॉपमध्ये मुलांना लेथवर काम शिकवत, वाकोल्याला राहत, आणि बहिणींची लग्ने करता करता चाळिशीला आले होते. या वेळी जयाने होकार दिला. पण कसा, तर “तुम्ही म्हणता तर ठीक आहे,” असा. मला तो होकार पुरेसा वाटला नाही, आणि पुन्हा विचारून तो ढिला करणेही मला शहाणपणाचे वाटले नाही. लग्न मे महिन्यात नोंदणी पद्धतीने करायचे ठरले. तोवर तिचा होकार टिकावा, एवढीच माझी इच्छा होती. चौथे स्थळ आणण्याइतका अवधी माझ्या वयाच्या बाईने गृहीत धरू नये.

आमच्या घराण्याची रीत अशी की घर सोडून जाणाऱ्या मुलीला गोधडी द्यायची. घरातल्या प्रत्येक बाईने आपल्या वापरातल्या लुगड्याचा किंवा साडीचा तुकडा द्यायचा, आणि मधला चौक त्या मुलीच्या स्वतःच्या कापडाचा करायचा. जे ती बरोबर नेणार नाही, अशा कापडाचा. माझ्या नणंदांनी आपापले परकर दिले होते, माझ्या मुलीने शाळेचा निळा गणवेश. चार त्रिकोण जोडून हा चौक होतो. त्याच्या चारही बाहेरच्या कडा उरेब येतात, म्हणून साऱ्या गोधडीत तोच एक जपावा लागतो.

जयाला गोधडी द्यायची, असे मी जेवताना सांगितले, तेव्हा माझा थोरला मुलगा नंदकिशोर म्हणाला की सुनेला गोधडी द्यायची रीत आपल्यात नाही. मी त्याला विचारले की सून घरातून लग्न करून जाते, अशी तरी रीत कुठे आहे. त्याची बायको मालन पोळ्या वाढत होती. तिचे माहेर वेंगुर्ल्याचे आणि तिची जीभ कुठल्याही गावची नाही.

“त्या विद्याधरना आई अहो-जाहो करतात, तेव्हाच मी ओळखलं,” ती म्हणाली, “हा जावई आलाय घरात.”

जया खाली बघून जेवत राहिली. नंदकिशोरने आणखी भात मागितला. आमच्या घरात निर्णय असेच होतात.

मालनने आपली पोपटी वॉईल दिली, मी माझे कुसुंबी लुगडे फाडले. जयाने मधल्या चौकाचे कापड एका जुन्या प्लास्टिकच्या पिशवीतून आणून दिले, ते आधीच कापून. करड्या-हिरव्या चौकड्यांचे चार त्रिकोण होते. चौकडा तिरका कापला की त्याचे शंकरपाळे होतात आणि ओळखीचे कापडही अनोळखी दिसू लागते. मालनला ते एखाद्या जुन्या पंजाबी ड्रेसचे वाटले. मी मात्र ओळखले. तो अनंताचा शर्ट होता.

अनंत घाटकोपरच्या एका कारखान्यात कामाला होता. तिथे सरबतांसाठी आणि उदबत्त्यांसाठी अर्क काढत. त्याच्याकडे वाळ्याचे काम होते. खस म्हणतात तो. तो वास त्याच्या कपड्यांत इतका मुरला होता की साबणाने जात नसे. कोरडे असताना नुसते कापड. पाणी लागले की वाळा. पावसाळ्यात तो जिना चढत असला, तरी दार उघडण्याआधी घरात कळत असे. तो गेल्यावर त्याचे कपडे मी रीतीप्रमाणे देऊन टाकले. त्यात एक शर्ट कमी भरला होता, हे माझ्या तेव्हाच लक्षात आले होते. मी विचारले नाही.

गेलेल्या माणसाचे कापड मंगलाच्या वस्तूत शिवत नाहीत. हे मला माहीत आहे, आणि इतरांना हे सांगत आलेली बाई मीच आहे. तरी मी ते त्रिकोण हातात घेतले आणि एकावर एक ठेवून त्यांच्या कडा जुळतात का ते पाहिले.

“काप सरळ आलाय,” मी म्हणाले.

“मधे बसेल ना, आई?”

“बसेल.”

याहून अधिक बोलणे आम्हा दोघींनाही नको होते. जे बरोबर न्यायचे नाही त्याचा तुकडा मधे घालायचा, ही रीत तिने माझ्या नणंदांपेक्षा नेमकी पाळली होती. परकर काय, कोणीही मागे ठेवते.

मात्र एक गोष्ट मला स्पष्ट दिसत होती. तो शर्ट इतका काळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला होता. त्यातला वाळा कुठे गेलेला नव्हता. लग्नाच्या आधी त्याला पाणी लागले आणि तो वास घरात उठला, तर जयाचा तो जेमतेम होकार टिकणार नाही.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात विद्याधरांनी आमच्या घरी वाफेची इस्त्री आणून दिली. त्यांच्या मेव्हण्याने ती मस्कतहून पाठवली होती. पांढरी, हलकी, पोटात पाणी भरायची आणि मुठीपाशी बटण दाबले की खालच्या भोकांतून फुस्स करून वाफ सोडणारी. तिचा प्लग आमच्या भिंतीत बसेना. विद्याधरांनी खिशातून पेचकस काढला, तो प्लग कापला, इथला बसवला आणि ‘तुमच्या घरी बायका जास्त आहेत, तुम्हालाच उपयोग,’ असे म्हणून चहा पिऊन निघून गेले. जया तेव्हा ड्युटीवर होती.

मालनला त्या इस्त्रीचे वेड लागले. साड्यांवर वापरायची परवानगी मी दिली. टेरिकॉटला तिने काही बिघडत नाही. गोधडीजवळ ती आणायची नाही, असे बजावले. गोधडीसाठी माझी जुनी विजेची इस्त्री होती. वजनदार, काळ्या मुठीची, पाण्याशी संबंध नसलेली.

“आई, वाफेनं शिवण कशी पापडासारखी बसते, बघा तरी एकदा,” मालन म्हणाली.

“पापड भाजला की वाकडा होतो. गोधडीला सुकी इस्त्री.”

तिने नवऱ्याला मधे घातले. नंदकिशोर म्हणाला की परदेशात सगळे वाफच वापरतात. मी म्हणाले की परदेशात गोधडी वर्षाने टाकतात. आपल्याकडे ती नातवंडांना पुरते. मी त्यांना उरेब कापडाचे कारण दिले आणि ते कारण खरे होते. वाफेने धागा फुगतो, सैल पडतो, आणि त्यावर जड हात फिरला की चौकाचा आकार जातो. दुसरे कारण सांगण्याचे प्रयोजन मला दिसले नाही.

एप्रिलमध्ये गोधडीचा वरचा पदर जोडून झाला. तो आत भराव आणि खाली अस्तर घालून टाचायचा, तेवढे राहिले होते. त्या शनिवारी मी आणि नंदकिशोर वाकोल्याला विद्याधरांचे घर पाहायला गेलो. जया अजून तिथे गेलेली नव्हती. ‘तुम्ही बघून या,’ एवढेच ती म्हणाली होती. घर पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचे, स्वच्छ. पश्चिमेच्या भिंतीला ओल होती. मी बोट ठेवून ती दाखवली. विद्याधरांनी ती नाकारली नाही. दर वर्षी गिलावा करतो आणि दर वर्षी ती परत येते, असे त्यांनी सांगितले. भिंतीविषयी खरे बोलणारा माणूस इतर बाबतींतही बोलत असावा, असे मी मनात टिपून ठेवले.

आम्ही परतलो तेव्हा संध्याकाळ होत होती. आमचा जिना चढताना पहिल्या मजल्यावर नंदकिशोर थांबला आणि त्याने कठड्याला हात लावला.

“आई,” तो म्हणाला.

वास जिन्यापर्यंत आला होता.

घरात मालन टेबलाशी उभी होती. माझ्या गोधडीचा पदर टेबलावर पसरलेला होता आणि ती पांढरी इस्त्री तिच्या हातात अजून फुसफुसत होती. आम्ही यायच्या आत सगळ्या शिवणी बसवून ठेवाव्यात, असे तिच्या मनात होते. तिने ते उत्साहाने आणि जड हाताने केले होते. मधला चौक पुरीसारखा फुगला होता. जया ड्युटीवरून येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली होती. पर्स अजून खांद्याला होती.

मी मालनला प्लग काढायला सांगितले. तिने काढला. रडकुंडीला आली की ती माहेरच्या बोलीत बोलते.

“माका काय ठावक, तो त्येंचो शर्ट म्हणान?”

तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, म्हणून मी तिला रागावले नाही. खिडक्या उघडल्या. वास जाईना. पाणी लागलेला वाळा काही काळ बोलतच राहतो.

जया उठली, तिने पर्स खुंटीला लावली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज तिच्या कामावरच्या आवाजासारखा होता, सपाट आणि स्पष्ट.

“त्यांना निरोप द्या, आई. मला जायचं नाही.”

“निरोप मी देणार नाही,” मी म्हणाले. “उद्या ते येणार आहेत. तुझ्या तोंडानं सांग.”

ती बरे म्हणाली. त्या रात्री घरात कोणी फारसे जेवले नाही. नंदकिशोरने मला एकदा विचारले की हे कापड तिथे आलेच कसे. मी म्हणाले की मी लावले म्हणून आले, आणि तो विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो पदर टेबलावर घेतला. मालनने सुचवले की मधला चौक काढून टाकावा आणि जयाच्या एखाद्या जुन्या साडीचा नवा घालावा, अपशकुनही टळेल. तिची सूचना चुकीची नव्हती. मी जयाला बोलावले आणि तो फुगवटा तिला बोटाने दाबून दाखवला.

“दोन गोष्टी होऊ शकतात,” मी तिला सांगितले. “हा उसवून दुसरं कापड घालता येईल. नाहीतर हाच परत जागेवर आणता येईल. वाफेनं गेलाय, वाफेनंच आवळेल. पण वास पुन्हा उठेल.”

“उसवला, तर या तुकड्यांचं काय?”

“तुझे तुला देईन.”

तिने एका त्रिकोणावरून अंगठा फिरवला.

“म्हणजे परत त्या पिशवीत,” ती म्हणाली.

मी फुगवट्यावरचे बोट काढून घेतले. ठरवायचे काम तिचे होते.

“हाच आणा जागेवर,” ती म्हणाली. “गोधडी कोणाला द्यायची ते नंतर बघा. पण हा असा फुगलेला नको.”

आम्ही टेबलावर घोंगडी घातली, तिच्यावर पदर उलटा पसरला. चौकाच्या चार कोपऱ्यांना टाचण्या लावून त्याचा मूळचा आकार बांधून घेतला आणि मधल्या कडांतला सैलपणा जयाने बोटांच्या टोकांनी सारखा वाटला. तिचा हात चांगला आहे. मी शिकवलेला आहे. मग मी मालनला ती पांढरी इस्त्री आणायला सांगितले. तोवर मी ती हातात धरली नव्हती. मालनने ती मला दिली, आणि तिच्या तोंडाशी जे आले होते ते तिने गिळले, याची मी नोंद घेतली.

ओढलेले उरेब कापड परत आणायचे, तर इस्त्री टेकवायचीसुद्धा नसते. ती वर अधांतरी धरायची, वाफ खाली जाऊ द्यायची आणि धाग्याला स्वतःहून मागे येऊ द्यायचे. मी बटण दाबले. वाळा उठला, कालच्याहून अधिक, कारण आज तो जवळ होता. जयाचे डोळे भरले. तिचे हात थांबले नाहीत. सैलपणा टाचणीकडे सरकवावा, मी वाफ सोडावी, तिने पुन्हा सरकवावा, असे आम्ही एक कड पुरी केली. ती बसली. दुसरी घेतली.

विद्याधर आले ते या वेळी. दार उघडेच होते. त्यांनी उंबऱ्यातच श्वास घेतला.

“वाळा का हा?” त्यांनी विचारले.

“उदबत्ती लावलीय,” मालन पटकन म्हणाली. “नवीन पुडा आणलाय ना.”

“उदबत्ती नाही,” जया म्हणाली. तिने मान वर केली नाही. “ह्यांचा शर्ट आहे. गोधडीत मधे लावलाय मी.”

नंदकिशोरने वर्तमानपत्राची घडी घातली. ‘ह्यांचा’ म्हणजे कोणाचा, हे त्या खोलीत कोणाला विचारावे लागले नाही. मला वाटले, आता ती पुढचे वाक्य बोलेल, आणि ते बोलण्याचा तिला अधिकार होता. मी इस्त्री धरून उभी राहिले.

विद्याधरांनी चपला काढल्या, जोडीने लावून ठेवल्या आणि टेबलापाशी आले. त्यांनी चौक पाहिला, टाचण्या पाहिल्या, मालनची पोपटी वॉईल आणि माझे कुसुंबी लुगडे पाहिले. वर्कशॉपमध्ये एखादा मुलगा बिघडलेला जॉब घेऊन आला की ते असेच पाहत असावेत.

“ही पांघरायची का अंथरायची?” त्यांनी जयाला विचारले.

तिला हा प्रश्न अपेक्षित नसावा. तिने प्रथमच त्यांच्याकडे नीट पाहिले.

“पांघरायची,” ती म्हणाली.

“मग काकू, इस्त्री एवढी खाली नको. दोन बोटं वर धरा. थेंब पडला तर वरून डाग दिसेल.”

माझ्या घरात, माझ्या टेबलाशी, माझ्या कामात मला सूचना देणारा माणूस यजमानांच्या मागे कोणी नव्हता. मी त्यांच्याकडे पाहिले. इस्त्री दोन बोटे वर घेतली. सूचना बरोबर होती.

तिसरी कड बसली. विद्याधर उभेच होते. कोणी बसा म्हटले नव्हते आणि ते स्वतःहून बसले नाहीत.

“पावसाळ्यात हा वास परत येईल,” ते म्हणाले. “आमच्याकडे भिंतीला ओल आहे. काकूंनी बघितलीय. कपाटातले कपडेसुद्धा दमट होतात.”

त्यात तक्रार नव्हती, उपकारही नव्हता. यंत्र कुठे तापते, हे शिकाऊ मुलांना आधीच सांगून ठेवावे, तसे त्यांनी ते सांगितले. मी माझ्याविषयी एवढेच म्हणेन की सुक्या इस्त्रीचा माझा सारा बंदोबस्त मे महिन्यापुरता होता. जूनचा विचार मी केला नव्हता, त्यांनी केला.

जयाने चौथ्या कडेची टाचणी काढली, किंचित आत लावली, पुन्हा काढली आणि होती तिथेच लावली. तिने वाक्य जुळवायला एवढा वेळ घेतल्याचे मी कधी पाहिले नव्हते.

“गच्ची आहे का तिथे?” तिने विचारले.

“आहे. दुपारभर ऊन असतं.”

“मग ऊन दाखवत जाईन.”

“दोरी बांधून ठेवतो,” विद्याधर म्हणाले.

मालनने माझ्याकडे पाहिले. मी तिला चहा ठेवायला सांगितले आणि विद्याधरांना बसा म्हणाले.

कापड पुरते सुकल्याशिवाय टाचण्या काढायच्या नसतात, म्हणून आम्ही थांबलो. चहा झाला. नंदकिशोरने वाकोल्याहून पवईला कुठली बस सोयीची, याची चौकशी केली. मग जयाने एकेक टाचणी काढली. चौक जागेवर आला होता. एका कोपऱ्यात थोडा झोळ राहिला. तो टाक्यात जिरवता येण्यासारखा होता आणि मी तो पुढे जिरवलाही. वाफेच्या इस्त्रीतले पाणी मी मोरीत ओतले, ती मालनच्या स्वाधीन केली, आणि माझी जुनी काळ्या मुठीची इस्त्री मागवून सगळ्या शिवणींवर एकदा, सुकी, ठेवत गेले.